बिऱ्हाड पाठीवर: शंखातल्या खेकड्यांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ओहोटीच्या वेळी मुलांना घेऊन खडकांवर गेलं की पहिली दहा मिनिटं कुणालाच काही दिसत नाही. मग एखादी मुलगी किंचाळते, "अगं आई, हा शंख चालतोय!" आणि तिथून पुढे तासभर प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. निम्मे प्रश्न मुलांचे असतात, निम्मे मुलांच्या नावाखाली आईबाबांचे. गेली काही वर्षं तेच ते प्रश्न ऐकतो आहे, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

हा खेकडा आहे की गोगलगाय?

शंख गोगलगायीचा, राहणारा खेकडा. घरमालक मेला आणि भाडेकरू राहायला आला, असा मामला. आपण बाजारातून आणतो ती चिंबोरी किंवा कुर्ली मात्र याची सख्खी बहीण नव्हे, लांबच्या चुलत घराण्यातली. चिंबोरीचं पोट चपटं होऊन छातीखाली घडी घातलेलं असतं. याचं पोट लांब, मऊ आणि स्प्रिंगसारखं वळलेलं असतं.

पाय मोजायला सांगितले की मुलं हमखास सहा म्हणतात, कारण बाहेर तेवढेच दिसतात: दोन नांग्या आणि चालायचे चार पाय. उरलेल्या चार आखूड पायांनी त्याने शंख आतून धरून ठेवलेला असतो. शेपटीच्या टोकाला आकड्यासारखे अवयव असतात, ते शंखाच्या मधल्या खांबाला घट्ट अडकतात. म्हणून तो ओढून निघत नाही. ओढाल तर तुटेल, पण सुटणार नाही. ओढू नका.

इंग्रजीत याला 'हर्मिट' म्हणजे संन्यासी का म्हणतात?

एकटा गुहेत राहतो अशी कल्पना करून कुणीतरी नाव ठेवलं असावं. प्रत्यक्षात याच्याइतका संसारी आणि शेजाऱ्यांच्या घरावर डोळा ठेवणारा प्राणी किनाऱ्यावर दुसरा नाही. खडकातल्या एका डबक्यात वीस-पंचवीस जण सहज सापडतात, आणि त्यातल्या प्रत्येकाचं लक्ष दुसऱ्याच्या शंखाकडे असतं.

आपल्या वाळूच्या किनाऱ्यांवर सापडणाऱ्या एका गटाचं शास्त्रीय नाव 'डायोजिनीस' आहे. डायोजिनीस हा प्राचीन ग्रीसमधला तत्त्वज्ञ. तो मातीच्या मोठ्या रांजणात राहायचा म्हणे. हे नाव मला जास्त पटतं, कारण रांजणात राहूनही तो भर बाजारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी हुज्जत घालायचा.

शंख मिळवायला तो गोगलगायीला मारतो का?

सहसा नाही. गोगलगाय म्हातारी होऊन मेली, किंवा माशाने, तारामाशाने, दुसऱ्या गोगलगायीने खाल्ली, की शंख रिकामा होतो आणि हा तो उचलतो. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण लोक लगेच लावतात. पण नागोबा उंदराला हुसकावतो, हा बहुतेक वेळा पडीक घरच घेतो. 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हणसुद्धा खरं तर याचीच शोभली असती. विंचवाच्या पाठीवर त्याची पिल्लं असतात, याच्या पाठीवर अख्खं घर.

शंखाशिवाय तो जगू शकत नाही का?

फार वेळ नाही. खेकड्याचं कवच म्हणजे त्याचं चिलखत, आणि याच्या पोटावर ते जवळपास नाहीच. उघडं पोट म्हणजे माशांना मेजवानी. जमिनीवरच्या जातींत तर ते सुकूनही जातं. शंख लहान पडला तर आणखी वेगळी पंचाईत: संकट आलं की पूर्ण आत जाता येत नाही, वाढ मंदावते, आणि मादीला अंडी कमी घालता येतात, कारण अंडी ती शंखातच पोटाशी धरून ठेवते. फार मोठा शंख घेतला तर तो वाहण्यातच ताकद जाते.

मग कोणताही शंख चालतो?

नाही, आणि इथे आपल्या देवघराचा संबंध येतो.

या खेकड्याचं पोट एका ठरावीक बाजूला पिळलेलं असतं आणि पोटावरचे छोटे पाय बहुधा फक्त डाव्या बाजूलाच उरलेले असतात. हा सगळा साचा नेहमीच्या वळणाच्या शंखासाठी घडला आहे. जगातले बहुतेक शंख त्याच वळणाचे असतात. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरलं की उघडी बाजू उजवीकडे येते. जीवशास्त्रज्ञ याला उजव्या वळणाचा शंख म्हणतात. आता गंमत अशी, की देवघरातला शंख आपण उलटा, म्हणजे टोक खाली करून पाहतो. त्यामुळे शास्त्रज्ञांचा दुर्मीळ डावा शंख आपल्याकडे 'दक्षिणावर्ती' ठरतो आणि लक्ष्मीचा म्हणून पुजला जातो. खेकड्याला विचाराल तर तो नेहमीचाच शंख मागेल. दक्षिणावर्तीत त्याचा पीळ उलटा पडतो.

कवडी त्याच्या फारशा कामाची नाही, कारण तिचं तोंड म्हणजे नुसती फट. शंकूच्या आकाराच्या शंखांचं तोंडही असंच अरुंद असतं, पण त्यात राहणाऱ्या काही जाती आहेत आणि त्यांचं अख्खं शरीर चपटं झालं आहे. आधी घर पाहिलं, मग त्याला शोभेलसं अंग बनवलं.

शंखांच्या वाटेला न जाणारेही आहेत. काही जाती किड्यांच्या नळ्यांत राहतात, काही खोल समुद्रात बुडालेल्या लाकडाच्या किंवा बांबूच्या पोकळीत. लाकडात राहणाऱ्यांचं पोट सरळ असतं, कारण तिथे पीळ लागतच नाही.

घर बदलताना तो काय करतो?

हे बघायला मिळालं तर हातातलं काम सोडून बघा. रिकामा शंख सापडला की तो आधी बाहेरून चाचपतो, नांगी आत घालून खोली मोजतो, उलटापालटा करतो, आत वाळू असेल तर काढून टाकतो. मग दोन्ही शंखांची तोंडं जवळ आणतो आणि क्षणात उडी. नागडं पोट एक-दोन सेकंदच दिसतं. पुष्कळदा नव्यात जाऊन बसतो, थोडा हलतो-डुलतो, आणि पुन्हा जुन्यात येतो. फ्लॅट बघायला गेल्यावर आपण नळ सोडून बघतो, तसंच.

पण खरी मजा एकाच्या घरबदलात नाही, रांगेत आहे. एकाने मोठा शंख घेतला की त्याचा जुना रिकामा होतो, तो त्याहून लहान घेतो, त्याचा आणखी लहान. एक मोठा शंख किनाऱ्यावर आला की पाच-सहा जणांची सोय होऊ शकते. आयव्हन चेस हे समाजशास्त्रज्ञ. माणसांच्या घरांच्या आणि नोकऱ्यांच्या रिकाम्या जागा अशाच एकामागून एक कशा भरतात हा समाजशास्त्राचा जुना विषय, तोच धागा धरून त्यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या या खेकड्यांकडे पाहिलं आणि सहकाऱ्यांबरोबर १९८८ साली त्यावर निबंध छापला. चाळीतली खोली सोडून कुणी वन-रूम-किचनमध्ये जातं, त्याच्या खोलीत दुसरं कुणी येतं. मुंबईकराला हे शिकवायला नको.

कॅरिबियनमधल्या जमिनीवरच्या जातीत तर याहून पुढची तऱ्हा दिसते. रिकामा शंख कुणाच्याच मापाचा नसेल तर खेकडे त्याच्याजवळ थांबतात, मोठ्यापासून लहानापर्यंत एकमेकांना धरून रांग लावतात. नेमक्या मापाचा आला की धडाधड सगळे एकदम घरं बदलतात. आणि हो, अशा रांगेतही मध्ये घुसणारे असतात.

शंखासाठी मारामारी होते का?

होते. हल्लेखोर समोरच्याचा शंख धरतो आणि आपला शंख त्यावर ठोकतो. ठोके, मग थोडी उसंत, पुन्हा ठोके. शांत डबक्याजवळ कान दिला तर टकटक ऐकू येते. ठोके जोरदार आणि कमी अंतराने पडत राहिले तर आतला हार मानतो, बाहेर येतो आणि विजेत्याने सोडलेला शंख घेऊन निघून जातो. कधीकधी दोघांचंही भलं होतं, कारण दोघांचीही मापं आधी चुकलेली असतात. म्हणून काही संशोधक याला घरांची अदलाबदल म्हणत आले, काही सरळसरळ दरोडा म्हणतात. मी दरोड्याच्या बाजूचा आहे, पण हरलेला हसतमुख निघतो हेही पाहिलं आहे. (खेकडा हसत नाही, माहीत आहे.)

शंख रिकामा झाल्याची बातमी त्याला कशी लागते?

वासाने. गोगलगाय खाल्ली जात असताना पाण्यात मिसळणारा वास आला की आसपासचे खेकडे तिकडे चालू लागतात. कोस्टारिकाच्या किनाऱ्यावर मार्क लाइड्रे या जीवशास्त्रज्ञांनी जमिनीवरच्या जातीवर प्रयोग केले. तिथे आपल्याच जातीच्या मेलेल्या खेकड्याच्या मांसाचा वास आला तरी गर्दी जमते. खायला नव्हे. कुणीतरी गेलं, म्हणजे घर मोकळं झालं, असा त्याचा अर्थ. वर्तमानपत्रात आधी निधनवार्ता वाचून मग खोलीची चौकशी करणारे लोक मी पाहिले आहेत, त्यामुळे मला धक्का बसला नाही.

जमिनीवर राहणारे आणि समुद्रातले यांत फरक काय?

समुद्रातले कल्ल्यांनी श्वास घेतात आणि पाण्याजवळच राहतात. मुंबई-कोकणातल्या खडकांवर दिसणारे बहुतेक असेच, 'क्लिबॅनारियस' गटातले. पायांवर उभे पट्टे आणि दोन्ही नांग्या साधारण सारख्या. नांग्या बघायची सवय लावून घ्या: डायोजिनीस गटात डावी मोठी असते, थंड समुद्रातल्या 'पॅग्युरस'मध्ये उजवी. आत शिरल्यावर हीच मोठी नांगी दाराला लावलेल्या फळीसारखी बसते.

जमिनीवरचे 'सिनोबिटा' गटातले. हे लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबारला भरपूर दिसतात. हवेतून श्वास घेतात, पण श्वसनाचे अवयव ओले राहावे लागतात, म्हणून शंखात थोडं पाणी बरोबर बाळगतात. या गटाने एक नवी गोष्ट केली आहे: घराची डागडुजी. कोस्टारिकातले खेकडे शंखाच्या आतला मधला खांब आणि भिंती झिजवून टाकतात. जागा वाढते, वजन घटतं. असे कोरलेले शंख एकाकडून दुसऱ्याकडे, पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात. मोठ्या खेकड्याला नवा कोरा शंख दिला तर तो नीट बसतच नाही. म्हणजे एकमेकांशिवाय चालेना. संन्यासी म्हणे!

शंखावर फुलासारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं. ते काय?

समुद्रफूल असावं. फूल नव्हे, तो प्राणी आहे, आणि त्याच्या पाकळ्यांना विषारी दंश असतो. काही जातींचे खेकडे मुद्दाम समुद्रफुलं पाठीवर बसवतात. 'डार्डॅनस' गटातला खेकडा दगडावरच्या समुद्रफुलाला नांग्यांनी आणि पायांनी हळूहळू थोपटतो. थोपटता थोपटता ते पकड सोडतं, मग हा त्याला उचलून शंखावर ठेवतो. घर बदललं की त्यालाही बरोबर नेतो. ऑक्टोपसला हे खेकडे फार आवडतात, पण दंशाच्या भीतीने तो हात आखडता घेतो. समुद्रफुलाला फुकट प्रवास आणि खेकड्याच्या ताटातलं उष्टं.

युरोपच्या किनाऱ्यावरची एक जोडी तर नवराबायकोसारखी आहे. तिथल्या 'अ‍ॅडॅम्सिया' समुद्रफुलाचा पाया खेकड्याभोवती पसरतो आणि तो शिंगासारख्या पदार्थाचा पातळ पापुद्रा पाझरून शंखाच्या तोंडाशी भर घालत जातो. खेकडा वाढतो तसं घरही वाढतं, घर बदलायची गरज कमी होते. जपानच्या दक्षिणेकडच्या उथळ समुद्रात एक खेकडा जिवंत प्रवाळालाच घर करून राहतो. २०१७ साली त्याची नोंद झाली.

बाकी शेजारीपाजारी विचारू नका. शंखावर मखमलीसारखे हायड्रॉइड (समुद्रफुलाच्या नात्यातले बारीक प्राणी), बार्नेकल (एका जागी चिकटून राहणारे कवचवाले प्राणी), शेवाळ. शंखाच्या आत खेकड्याच्या बाजूला राहणारा एक लांब किडा तर खेकडा जेवायला बसला की डोकं बाहेर काढतो आणि त्याच्या तोंडातला घास पळवतो. या खेकड्यांबरोबर राहणाऱ्या पाचशेहून जास्त जातींच्या बिनकण्याच्या प्राण्यांची नोंद झाली आहे. एक घर, पण अख्खी चाळ नांदते.

त्याचे शत्रू कोण?

मासे, ऑक्टोपस, पक्षी, आणि शंख फोडू शकणारे मोठ्या नांग्यांचे खेकडे. पण सगळ्यात वाईट शत्रू आतून येतो. बार्नेकलच्या नात्यातला एक परजीवी खेकड्याच्या शरीरात मुळांसारखा पसरतो, त्याची प्रजननशक्ती संपवतो आणि पोटाबाहेर आपल्या अंड्यांची पिशवी काढतो. खेकडा ती आपलीच अंडी समजून जपतो.

खातो काय?

मिळेल ते. शेवाळ, कुजलेला पालापाचोळा, मेलेले मासे, वाळूतले सेंद्रिय कण. जमिनीवरचे पडलेली फळंही खातात.

पिल्लं शंखासकट जन्मतात का?

नाही. मादी योग्य वेळी अंडी पाण्यात सोडते. जमिनीवरच्या जातींची मादीसुद्धा यासाठी समुद्रावर येते, कारण पिल्लांना खारं पाणी हवंच. अंड्यातून निघालेली पिल्लं पाण्यात तरंगत वाढतात, कात टाकत रूप बदलतात, आणि शेवटच्या टप्प्यावर इवलासा शंख शोधतात. तो पहिला शंख कित्येकदा तांदळाच्या दाण्याएवढा असतो. तेव्हापासून मरेपर्यंत घरशोध चालूच.

शंख बदलणं म्हणजेच कात टाकणं का?

दोन वेगळ्या गोष्टी. कात टाकताना तो स्वतःचं कवच सोडतो, शंख नव्हे. जमिनीवरचे खेकडे त्यासाठी ओल्या वाळूत स्वतःला पुरून घेतात आणि कित्येक आठवडे तिथेच राहतात. वर येण्याआधी तिथेच टाकलेली कात खाऊन टाकतात, त्यात कॅल्शियम असतं. तुटलेला पाय पुढच्या कातींमध्ये परत उगवतो. घरी पाळलेले कित्येक खेकडे या काळात 'मेला' समजून कचऱ्यात जातात.

याला वेदना होतात का?

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या रॉबर्ट एल्वूड यांनी शंखात विजेचे सौम्य झटके देऊन पाहिलं. काही खेकडे शंख सोडून बाहेर आले. पण शंख आवडीचा असेल तर कमी आले, आणि पाण्यात शत्रूचा वास असेल तरी कमी आले. म्हणजे ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया नाही, तोटा-फायदा तोलला जातो आहे. आपल्यासारखी वेदना की नाही हा वाद चालेल, पण ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात खेकडे-शेवंडांना संवेदनशील प्राणी मानलं आहे.

प्लास्टिकच्या झाकणात राहणारे खेकडे खरेच असतात?

असतात. पोलंडमधल्या संशोधकांनी इंटरनेटवर लोकांनी टाकलेले फोटो तपासले आणि २०२४ साली निष्कर्ष छापले: जमिनीवरच्या १६ पैकी १० जातींचे मिळून ३८६ खेकडे माणसाच्या वस्तूंत राहताना दिसले, बहुतांश प्लास्टिकच्या झाकणांत. लोकांना तो फोटो गोड वाटतो. मला वाटत नाही.

आणि याहून वाईट म्हणजे बाटल्या. तिरकी पडलेली बाटली हा सापळा असतो. खेकडा आत जातो, घसरड्या भिंतीवरून बाहेर येता येत नाही, मरतो. मग वर सांगितलेला तो मेल्याचा वास सुटतो आणि 'घर रिकामं झालं' म्हणून आणखी खेकडे आत येतात. हिंदी महासागरातली कोकोस बेटं आणि प्रशांत महासागरातलं हेंडरसन बेट मिळून असे सुमारे ५ लाख ७० हजार खेकडे कचऱ्यात अडकून मेले असावेत, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे. बातमी पोचवणारी तीच शक्कल इथे त्यांच्या जिवावर उठते.

पाळू का?

नका. आपल्या खडकांवरचे खेकडे समुद्राचे आहेत, बादलीतल्या पाण्यात दोन दिवसांत मरतात. दुकानात किंवा ऑनलाइन विकतात ते जमिनीवरचे, आणि ते जवळपास सगळे रानातून पकडलेले असतात. त्यांना दमट उबदार हवा, पुरून घेण्याइतकी खोल ओली वाळू, गोडं आणि खारं अशी दोन्ही क्लोरीनविरहित पाणी, जादा शंख आणि सोबतीला आणखी खेकडे लागतात. हे सगळं मिळालं तर ते तीस वर्षंही जगू शकतात. तारेच्या पिंजऱ्यात, रंगवलेल्या शंखात ठेवले तर बरेचसे वर्षाच्या आतच जातात. रंग खरवडला की तो पोटातही जातो.

नारळ फोडणारा खेकडा याच्याच नात्यातला का?

हो. नारळी खेकडा लहानपणी शंखात राहतो, मग शंख सोडून देतो आणि पोटावरचं कवच कडक करून घेतो. जमिनीवरचा हा सर्वांत मोठा संधिपाद (सांध्यांच्या पायांचा, बिनकण्याचा) प्राणी, चार किलोपर्यंत भरतो. भारतात अंदमान-निकोबारला आढळतो आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. अलास्काचे महागडे किंग क्रॅबही शंखवासी पूर्वजांपासूनच आले, हे १९९२ साली डीएनएच्या अभ्यासातून पुढे आलं.

किनाऱ्यावरचे रिकामे शंख घरी आणले तर काय बिघडतं?

मीही आणायचो. सहावीत असताना गुहागरहून प्लास्टिकची पिशवी भरून शंख आणले आणि एसटीत सीटखाली ठेवले. रात्री पिशवीत खुडबुड सुरू झाली. आईला वाटलं उंदीर. घरी पोचेपर्यंत खुडबुड थांबली होती आणि तिसऱ्या दिवशी वास सुटला. त्या पिशवीत सात-आठ शंख 'रिकामे' नव्हते.

जे खरंच रिकामे होते तेही कुणाचं तरी पुढचं घर होते. एक शंख गेला तर एक घर जात नाही, मागची अख्खी रांग अडते. मोठे, न फुटलेले, गोल तोंडाचे शंख आपण आधी उचलतो आणि नेमके तेच त्यांना सर्वांत कमी मिळतात. फुटके, भोक पडलेले किंवा शिंपल्यांचे तुकडे घ्या, त्यात सहसा कुणी राहात नाही. काही मोठ्या शंखांना कायद्याचं संरक्षणही आहे, दुकानात विकायला ठेवले असले तरी.

बघायला कुठे आणि कधी जावं?

खडकाळ किनारा आणि उधाणाची ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबईकडे भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते, म्हणून पाणी सर्वांत लांब जातं ते पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या बेताने. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, जाण्यात अर्थ नाही. पाणी फारसं हटतच नाही. पावसाळ्यात खडकांवर अजिबात जाऊ नका. हाजी अली किंवा वांद्र्याच्या खडकांवरही दिसतात, मालवण-रत्नागिरीला तर विचारायलाच नको. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाल्यावर जाळ्याबाहेर टाकलेल्या ढिगातही शंख हलताना दिसतील, ते बहुधा डायोजिनीस. तेवढे उचलून पाण्यात सोडले तर कोळीदादा हसतील, पण अडवणार नाहीत.

डबक्याजवळ बसलात की आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका. सावली पडली की सगळे आत. मग मोबाइल खिशात ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. आधी एक मिशी बाहेर येते, मग देठावरचे डोळे, मग एक पट्टेरी पाय.